आजीचा घसा बसलाय

—नाही नाही ताई, बसा की, जागा आहे, मी पिशवी मांडीवर घेते. हो, माझी पोर आत आहे, प्रवेशाच्या मुलाखतीला. आत्ताच घेतली आत — आत्ताच म्हणजे झाला बराच वेळ, पण म्हणायचं आपलं आत्ताच. तुमचा मुलगा कुठाय? अच्छा, बाबांबरोबर तिकडं नळावर. बरं झालं, पाणी प्यायलेलं असावं, घसा कोरडा पडला की मुलं अडखळतात. — काय? ती पाटी? माहितीये हो मला. वाचता येत नाही, पण शिपायानं सांगितलंय काय लिहिलंय ते. शाळेच्या व्हरांड्यात त्यांचीच भाषा बोलायची, आपली बोलायची नाही. पण तो गेला ना जिन्याकडं. तो इकडं वळला की मी तोंड मिटते, तुम्ही काळजी करू नका. आणि तुम्ही बोलूच नका, तुम्ही नुसतं ऐका, ऐकायला कुठं बंदी आहे? मला ना, गप्प बसवतच नाही. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय नुसता.

नाही, तशी भीती नाही मला. का असेल? तयारी झालीय तिची. पाच वर्षांची व्हायचीय अजून, पण बोलते कशी — फडाफडा! रंग, प्राणी, फळं, आठवड्याचे वार, सगळं त्या भाषेत. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, एवढ्या लहान वयात इतकं तयार मूल मी पाहिलं नाही. टकळी म्हणतो आम्ही तिला. म्हणजे तिच्या आजीनंच ठेवलं ते नाव — तोंडाचा पट्टा चालूच असतो ना, म्हणून टकळी. झोपेतसुद्धा बोलायची. बोलते. बोलते म्हणायचंय मला. — कोण? ती फाटकाबाहेरची म्हातारी? कोण जाणे हो. असेल कुणाची तरी. भिंतीला टेकून बसलीय बिचारी. हातवारे करतेय होय? करू द्या. तिकडं नका बघू तुम्ही, बघितलं की अशी माणसं आत यायला बघतात.

तुम्ही कुठून आलात? लांबून! म्हणजे तुमच्याकडंही नाही तर ही शाळा. हेच तर झालंय ना सगळीकडं. ते नव्या भाषेचं धोरण आलं आणि बघता बघता शाळांच्या दोन जाती झाल्या. एक ही — पहिलीपासून सगळं त्या भाषेत, गणितसुद्धा, चित्रकलासुद्धा, इमारतीला रंग, खिडक्यांना काचा. आणि दुसरी म्हणजे आपल्या भाषेतली, आमच्या गल्लीच्या टोकाला आहे तशी. आहे म्हणायची. चांगले मास्तर होते ते सगळे इकडं उचलले, आता एकच मास्तर सगळे वर्ग एका खोलीत घेऊन बसतो, आणि तोही म्हणे रोज बदलीचा अर्ज करतो. माझ्या भावाची दोन्ही मुलं तिथं जातात. हुशार आहेत हो. पण मोठी होऊन करणार काय? आता साधा शिपाई व्हायचं तरी त्या भाषेत बोलावं लागतं, हा नाही का आपला शिपाई, याच्याकडं बघा, काय तोऱ्यात बोलतो. आमच्या चाळीच्या अंगणात एकच झोका आहे. आधी सगळी पोरं एकत्र भांडायची त्याच्यावरून. आता या शाळेची पोरं आली की भावाची पोरं आपणहून उतरतात. कुणी उतरवत नाही. आपणहून. ते बघितलं ना मी, त्याच दिवशी ठरवलं, माझी टकळी उतरायची नाही.

आणि तुम्हाला खरं सांगू का — हसू नका — मी अडाणी नाहीये. मी वर्गात पहिली यायचे. भाषेत! तेव्हा दुसरी परकी भाषा होती ना, आठवतं का, तुम्ही माझ्याच वयाच्या दिसता. तेव्हाचं धोरण ते होतं. ती शिकली तर दारं उघडतील, ती शिकली तर जग बघाल, असं म्हणून आमच्या गुरुजींनी आमच्याकडून धडेच्या धडे पाठ करून घेतले. अजून येतात मला. ‘गाडी फलाटावर आली आहे, प्रवासी उतरत आहेत’ — त्या भाषेत हां, घडाघडा म्हणते मी. पण आता कुणापुढं म्हणू? वरचं सरकार बदललं, मित्रदेश बदलला, भाषा बदलली. रात्री शिकलेली म्हणून झोपले आणि सकाळी अडाणी म्हणून उठले, असं झालं बघा माझं. गुरुजींचं तर विचारूच नका. ते आता दुकानात वजनकाट्यावर बसतात. परवा दिसले, मी आपला जुना नमस्कार घातला त्या भाषेत, गंमत म्हणून. तर त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. वाईट वाटलं हो मला.

मी कपड्यांच्या कारखान्यात आहे. शर्टाला काज-बटण, आणि मानेजवळचं लेबल लावायचं. नवीन भाषेची लेबलं आली ना पहिल्यांदा, तेव्हा मी सगळा गठ्ठा उलटा शिवला. मला कसं कळणार वर काय आणि खाली काय? अक्षरंच ती, उलटी धरा नाहीतर सुलटी, मला तशीच दिसतात, वाळवीनं कोरल्यासारखी. शिलाई मात्र अशी पक्की घातलेली की उसवताना कापड फाटलं. मुकादमानं एक शर्ट काठीवर लटकवून मधोमध उभा केला. सगळ्या जणी बघायच्या आणि खिदळायच्या. ज्या हसत होत्या त्यांनाही वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. आणि आमचे हे — बसच्या डेपोत मिस्त्री आहेत — यांचं वेगळंच. तिथं बैठका त्या भाषेत होतात. हे मागं बसतात आणि साहेब हसला की हसतात. एकदा म्हणे सगळे हसले, हेही हसले, जरा जोरातच. तर तो विनोद यांच्यावरच होता. घरी येऊन मला सांगितलं, आणि सांगताना पुन्हा हसले. मग जेवलेच नाहीत.

तर तुम्हीच सांगा, चुकलं का आमचं? काय चुकलं? पोरीला आपल्यासारखं होऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवलं ना आम्ही. शिकवणीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, घरात आपली भाषा बंद. पूर्ण बंद. घरातलं एक माणूस जरी बोललं तरी मूल तिकडंच धावतं, पाण्यासारखं, सोपा उतार शोधतं. आम्ही म्हटलं, करू. तेव्हापासून घरात टकळीसमोर तीच भाषा. आता आम्हा दोघांना ती येते कितीशी? आण. ठेव. खा. छान. झोप. दार लाव. संपलं. — हसताय ना? हसा, मीही हसायचे. सुरुवातीला मजा वाटायची. भांडायचं म्हटलं तर शब्द नाहीत! हे उशिरा आले, मी रागावून काय म्हणणार, तर ‘खा’. हे चिडून काय म्हणणार, तर ‘छान’. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या घरात किती शांतता असते हो. पण भांडण करता येत नाही ना ताई, तर मग समजूतही काढता येत नाही. ती बैठकीची गोष्ट यांनी दारातच हळूच सांगितली, पण आत टकळी जागी होती, म्हणून मला जवळ जाऊन काही बोलता आलं नाही. नुसतं म्हटलं, ‘झोप’. तेवढाच शब्द होता.

आला, आला — शिपाई आला —

गेला. बघितलं ना कसा बघतो, जसं काही मी खिसाच कापलाय कुणाचा. आता हे यायला पाहिजेत, पाळी सुटली की थेट येतो म्हणाले होते. दोघांना बोलावतात ना आत, मुलानंतर. तीन प्रश्न विचारतात म्हणे. मी पाठ केलीत उत्तरं. पहिल्याला नाव सांगायचं, दुसऱ्याला काम, तिसऱ्याला ‘आमची मुलगी हेच आमचं भविष्य आहे.’ फक्त त्यांनी क्रम बदलू नये. नावाचा प्रश्न दुसरा आला तर मी ‘तुमचं नाव काय’ला ‘काज-बटण’ म्हणून बसेन. तुम्हाला येते ना थोडी? मगाशी तुम्ही शिपायाशी बोललात ते ऐकलं मी. छान बोलता. मग जरा कान द्या ना दाराकडं. माझी आत काही बोलतेय का? — नाही ऐकू येत? आतल्या प्रश्न विचारणाऱ्या बाईंचाच आवाज येतोय ना? मलाही तसंच वाटतंय. तोच तोच प्रश्न विचारतायत. नाही, नाही, मुलं आधी लाजतात. बाहेरच्या माणसांसमोर लाजतेच ती.

परत काय झालं? पुन्हा हात करतेय ती म्हातारी? — मला करतेय. हो. अहो, मला करतेय ती. — त्या सासूबाई आहेत माझ्या. खोटं बोलले मगाशी, माफ करा. आत आणता येत नाही ना त्यांना, दारातच विचारतात काहीबाही, त्यांना उत्तर देता यायचं नाही, आणि पहिल्याच पायरीवर छाप वाईट पडायची. म्हणून म्हटलं, तुम्ही बाहेरच थांबा. घरीच ठेवणार होते, पण टकळी निघेना त्यांच्याशिवाय. पदर धरून बसली त्यांचा. विचारतायत त्या मला, झालं का, बोलली का, असं. बघा, हात तोंडापाशी नेऊन उघडझाप करतायत. म्हणजे ‘बोलली का’. नाही, मुक्या नाहीत हो त्या! चांगलं खणखणीत बोलायच्या. चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं हाक मारायच्या. टकळीचा टकळेपणा कुठून आला म्हणता? त्यांच्याचकडून. दोघींचं दिवसभर चालायचं. मांजर काय म्हणाली, मुंगीनं काय नेलं, भांड्यावर भांडं का आपटलं. मी कामावरून आले की मला दोघी मिळून अख्खा दिवस सांगायच्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची.

आणि शिकवणीच्या बाई म्हणाल्या, खरा अडसर ही आजी आहे. तसंच म्हणाल्या. मग यांनी आईला समोर बसवलं. म्हणाले, आई, फक्त पोरीसमोर बोलू नकोस. तिच्या भल्यासाठी. प्रवेश होईपर्यंत. मला वाटलं रडतील, ओरडतील, मला चार शिव्या घालतील. मी तयार होते. तर त्या म्हणाल्या, ‘बरं.’ एवढंच. आमच्याशी बोललेला तो त्यांचा शेवटचा शब्द. पोरीसमोर नाही, तर आमच्यासमोरही नाही. ती झोपल्यावर मी जाऊन म्हटलं, आई, आता बोला की, आता झोपलीय ती. तर त्या पोरीचं पांघरूण सारखं करत बसल्या. अजून नाही बोलल्या. राग असेल. असेल काय, आहेच. असणारच ना हो.

आता पोरीला काय सांगायचं? आजी बोलत का नाही? तर सांगितलं, आजीचा घसा बसलाय. तेवढं एकच वाक्य आम्ही तिला आपल्या भाषेत सांगितलं, कारण ते त्या भाषेत कसं म्हणायचं ते आम्हाला येत नव्हतं. तिनं किती मनावर घेतलं! माझी जुनी ओढणी आणून आजीच्या गळ्याला गुंडाळली. गरम पाणी दे म्हणून माझ्यामागं लागायची. आणि सासूबाई मुकाट्यानं ते पाणी प्यायच्या. सुरुवातीला कधी त्यांना राहवायचं नाही, गुणगुणायच्या, नाहीतर ‘अगं पडशील’ असं तोंडातून निघायचं, तर मीच शिकवलं टकळीला — असं हाताला धरून शिकवलं — आजी बोलायला लागली की पळत जायचं आणि तिच्या तोंडावर हात ठेवायचा. दुखेल ना तिला. आपलं माणूस आहे ना, मग जपायचं. ती इतक्या हलक्या हातानं ठेवायची ताई, पाकळी ठेवावी तसा. सासूबाई तो तळवा धरून त्याचा पापा घ्यायच्या. आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायचे, चला, हे घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

मग दोघींनी हातांनी बोलायचं काढलं. गालावर हात म्हणजे झोप. दोन बोटं चालवली की मांजर. असं मनगट फिरवलं की मी — मी म्हणजे कारखाना, मशीनचं चाक. आई नाही म्हणायची ती मला, चाक फिरवायची. दिवसभर चालतं त्यांचं. हसतातसुद्धा, पण आवाज नाही, नुसते खांदे हलतात. मी खोलीत गेले की थांबतात. जळायचे मी, खोटं कशाला बोलू. माझीच पोर, आणि मला माझ्याच घरात परक्यासारखं उभं राहावं लागतं.

नाही, बोलते ती! मगाशी सांगितलं ना, रंग, प्राणी — येतात तिला. यायचे. शिकवणीत बोलायची. आधी बोलायची. मग हळूहळू नुसतं बोट दाखवायला लागली. बाई म्हणाल्या, डोक्यात भाषा मुरतेय, मुलं मध्ये गप्प होतात, मग एकदम फुटतात. कधी फुटणार? मी वाट बघतेय. शेवटचं काय बोलली ती, तेही मला आठवत नाही. आठवायचा किती प्रयत्न केला. त्या भाषेत बोलली की आपल्या, तेही नाही. कधीतरी बोलली असेल ना शेवटचं, मी घरातच असेन, भाजी चिरत असेन, आणि माझं लक्ष नसेल. डॉक्टर म्हणाले घसा उत्तम आहे. उत्तम. मी ते कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतेय कोण जाणे. तुम्ही बोलत नाही ना, म्हणून असेल.

दार — दार उघडलं. गप्प, गप्प. त्या बाई मला बोलावतायत का? हो — हो — नमस्कार. — काय म्हणाल्या त्या? ताई, काय विचारलं मला? हे पाठ केलेल्यातलं नाही. नाव विचारलं नाही ना? काय? नीट सांगा, मान खाली घालू नका, तुम्हाला येते भाषा — काय म्हणाल्या?

ऐकू येतं का तिला? असं विचारलं? जन्मापासून आहे का, असं? आणि पुढं काय — तशा मुलांची शाळा वेगळी असते? अहो बाई! अहो, बहिरी नाहीये हो ती! मुकीपण नाही! थांबा, दार लावू नका — मला नाही येत तुमच्या भाषेत, कसं सांगू मी, ताई, तुम्ही सांगा ना त्यांना, ही टकळी आहे म्हणावं, हिचं तोंड बंद नसतं, आजीनंच नाव ठेवलंय — सांगा ना! का बघताय नुसत्या? बरं. बरं, नका सांगू. तुमचाही नंबर आहे पुढं. — शिपाईदादा, हात सोडा माझा, बोलणार आहे मी, माझ्याच भाषेत बोलणार आहे, काढायचं तर बाहेर काढा, नको मला तुमची शाळा — टकळे, ये इकडं. ये माझ्याजवळ. घाबरू नको. बघ, आई बोलतेय. आपलं बोलतेय. तूपण बोल, काहीही बोल गं, मांजराचं सांग, मुंगीनं काय नेलं ते सांग, आजीचा घसा बरा झालाय, खरंच, बसलाच नव्हता कधी, आम्ही खोटं सांगितलं तुला, बोल, एकदा ‘आई’ म्हण, चाक नको फिरवू, ‘आई’ म्हण — हे काय? हात काय करतेस? नाही गं, माझा घसा नाही दुखत, सोने, मला काही झालं नाहीये, माझ्या तोंडावरचा हात काढ, आईला बोलू दे, हात का—